सरसेनापती नेमतो कोण, आणि नेमल्यावर तो राहतो कुणाचा?

निपाणीकडच्या एका राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारले आहे: सत्तेवरची माणसे नेमणुका आणि बढत्या देऊन सैन्य आपल्या बाजूला कसे ठेवतात? भारतातही हे चालते का? आणि चालत असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्या आमच्या गल्लीतल्या पोराला त्याने काय फरक पडतो?

मी याच रेजिमेंटचा. नोकरीचा एक तुकडा दिल्लीत मिलिटरी सेक्रेटरी शाखेत गेला. अधिकाऱ्यांच्या बढत्या, बदल्या आणि गोपनीय अहवाल याच शाखेत हाताळले जातात. आता बेळगावात असतो आणि खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडची भरतीची तयारी करणारी पोरे अधूनमधून भेटायला येतात. तीही फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात, फक्त त्यांच्या भाषेत: "सर, हे वर कोण ठरवतंय ओ?"

आधी माझे उत्तर सांगतो, मग कारणे. बढती दिल्याने निष्ठा मिळत नाही. निष्ठा मिळते ती बढतीच्या आशेने. म्हणून नेत्याची खरी ताकद त्याने काय दिले यापेक्षा त्याने हातचे काय राखले आहे यावर मोजायची. एकदा का एखाद्याला सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसवले, की त्याला द्यायला नेत्याकडे फारसे काही उरत नाही, आणि काढून घ्यायचे म्हटले तर ते सोपे राहत नाही. पुढची सगळी उदाहरणे या एका गोष्टीभोवती फिरतात.

पाकिस्तानपासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रयोग वारंवार झाला. 1976 साली झुल्फिकार अली भुट्टोंनी अनेक ज्येष्ठ जनरलना बाजूला सारून झिया उल हक यांना लष्करप्रमुख केले. झिया नम्र, धार्मिक, दरबारात कुणाच्या डोळ्यावर न येणारे. गट नाही, दबदबा नाही, म्हणजे धोका नाही, असा हिशेब. जुलै 1977 मध्ये त्याच झियांनी सत्ता घेतली आणि एप्रिल 1979 मध्ये भुट्टोंना फाशी झाली. बावीस वर्षांनी नवाझ शरीफ यांनी तोच हिशेब मांडला. 1998 मध्ये जहांगीर करामत यांनी राजीनामा दिल्यावर त्यांनी परवेझ मुशर्रफ यांना निवडले. फाळणीनंतर दिल्लीहून आलेल्या मुहाजिर घरातला माणूस, पंजाबी आणि पठाण अधिकाऱ्यांच्या सैन्यात त्याच्या पाठीशी बिरादरी उभी राहणार नाही, असा तर्क त्यामागे होता असे सर्रास सांगितले जाते. एका वर्षात, 12 ऑक्टोबर 1999 रोजी, मुशर्रफ कोलंबोहून विमानात असताना शरीफ यांनी त्यांना काढून आयएसआयचे प्रमुख झियाउद्दीन बट यांना नेमले. कागद निघाला, टीव्हीवर बातमी आली. पण रावळपिंडीच्या दहाव्या कोअरवर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज) मुशर्रफ यांचा विश्वासू मेहमूद अहमद बसला होता आणि राजधानीजवळची 111 ब्रिगेड त्याच कोअरच्या हाताखालची. विमान खाली उतरेपर्यंत राज्य बदलले होते.

चिलीत साल्व्हादोर आयेंदे यांनी 23 ऑगस्ट 1973 रोजी पिनोशेंना लष्करप्रमुख नेमले, तेही आधीचे प्रमुख प्राट्स यांच्या शिफारशीवरून, कारण पिनोशे राजकारणापासून लांब राहणारे समजले जात. 11 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बाँब पडले. इजिप्तमध्ये मोर्सी यांनी ऑगस्ट 2012 मध्ये जुन्या फील्ड मार्शलला घरी पाठवून अब्देल फतह अल सिसी यांना आणले, आणि जुलै 2013 मध्ये सिसींनी मोर्सींना उतरवले.

या चार नेमणुकांत एक सारखेपणा आहे. चारही वेळा नेत्याने माणसाचा स्वभाव पाहिला आणि खुर्चीचा स्वभाव पाहायचा विसरला. लष्करप्रमुख झाल्यावर त्या माणसाला खालून येणारा दाब वेगळा असतो. कोअर कमांडर त्याच्याकडे पाहत असतात, मेसमध्ये बोलणी होत असतात, आणि तो पंतप्रधानाचा माणूस आहे अशी कुजबुज असेल तर आपण तसे नाही हे दाखवण्याची निकड त्यालाच सर्वांत जास्त असते. डावलून वर आणलेला माणूस उपकाराखाली दबून राहील हा समज मला नेहमीच भाबडा वाटत आला आहे. उपकाराची आठवण करून देणारा माणूस कुणालाच जवळ नको असतो.

म्हणून मुरलेले राज्यकर्ते वरच्या एका खुर्चीवर भिस्त ठेवत नाहीत. ते मधल्या थरावर काम करतात: राजधानीजवळची ब्रिगेड, रणगाडा रेजिमेंट, हवाई तळ, गुप्तवार्ता, दारूगोळ्याची कोठारे. तिथे घरचा, जातीचा, पंथाचा माणूस. सद्दाम हुसेन यांच्या काळात तिक्रितच्या नात्यागोत्यातली माणसे आणि वेगळे पोसलेले रिपब्लिकन गार्ड; हाफिज अल असद यांच्या सीरियात मोक्याच्या तुकड्यांवर त्यांच्याच अलवी पंथाचे अधिकारी. त्यांना वेगळी बढती द्यावीच लागत नाही; राज्य गेले तर आपणही जाणार, हे त्यांना ठाऊक असते. नेत्याच्या दृष्टीने ही पद्धत झिया किंवा पिनोशेच्या नेमणुकीपेक्षा पुष्कळ भरवशाची, आणि तिची किंमत सैन्य लढाईत मोजते. सगळ्यांत भयंकर किंमत सोव्हिएत रशियाने मोजली. स्टालिनने 1937 ते 39 मध्ये पाचांपैकी तीन मार्शल संपवले, तुखाचेव्हस्की त्यांत पहिला. त्यांच्याबरोबर हजारो अधिकारी गेले, आणि 1941 मध्ये जर्मन आले तेव्हा कालपरवापर्यंत लहान तुकड्या सांभाळणारे लोक डिव्हिजन चालवत होते.

हे सगळे परक्या मुलुखातले वाटत असेल तर बेळगावच्या किल्ल्यात जा. आतली साफा मशीद असदखान लारीने बांधली. हा आदिलशाहीतला इराणी सरदार, बेळगाव त्याची जहागीर. विजापूरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते: बाहेरून आलेले आफाकी आणि इथले दख्खनी. पहिला इब्राहिम आदिलशहा 1534 मध्ये गादीवर आला आणि त्याने आफाकींना मोठ्या प्रमाणावर नोकरीतून काढून दख्खनींना पुढे आणले. काढलेल्यांपैकी पुष्कळ जण विजयनगरच्या रामरायाकडे चाकरीला गेले, म्हणजे विजापूरने आपल्या हाताने शत्रूची फौज भरली. असदखान मोठा म्हणून राहिला, पण राजाला त्याच्यावर भरवसा नाही आणि त्याला राजावर नाही. 1549 मध्ये तो मरेपर्यंत बेळगाव आणि विजापूर यांच्यात हा संशय धुमसत होता. पुढच्या राजाने, पहिल्या अली आदिलशहाने, चक्र पुन्हा उलटे फिरवून आफाकींना जवळ केले. दर नव्या राजाबरोबर फौजेचा वरचा थर बदलायचा म्हटल्यावर सरदार राज्याकडे बघतात की पुढच्या राजाकडे, हे सांगायला नको.

शिवाजी महाराजांनी हा आजार जवळून पाहिला होता. त्यांची तोड दोन प्रकारची होती आणि दोन्ही नेमणुकांशीच संबंधित. एक म्हणजे शक्यतो रोख पगार. जमीन तोडून द्यायची नाही आणि हुद्दा वंशपरंपरेने चालवायचा नाही. दुसरे, एका किल्ल्यावर एकाच्या हाती सगळे द्यायचे नाही. हवालदार, सबनीस आणि कारखानीस, तिघे वेगवेगळ्या जातींतले, तिघांची कामे वेगळी, आणि एकाने फितुरी करायची म्हटली तर दुसऱ्या दोघांना कळल्याशिवाय राहत नाही. सरनौबतीचे, म्हणजे सेनापतिपदाचेही तसेच. 1666 मध्ये नेताजी पालकरांना दूर केले, प्रतापराव गुजर आले. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव नेसरीला पडले. गडहिंग्लज तालुक्यातले हे गाव आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. उमराणीला बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी त्यांना किती कडक शब्द सुनावले होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जागी हंबीरराव मोहिते आले, प्रतापरावांचा मुलगा किंवा भाऊ नव्हे. सरनौबत पडला तरी फौज उभी राहिली, कारण हुद्दा घराण्याचा नव्हता.

राजाराम महाराजांच्या काळात हे टिकले नाही, आणि त्यांना दोष देणेही सोपे नाही. राजा जिंजीत अडकलेला, खजिना रिकामा, आणि पलीकडून औरंगजेब वतने वाटून मराठे सरदार फोडतोय. तेव्हा मुलूख जिंका आणि तोच सरंजाम म्हणून खा, याशिवाय हातात द्यायला काही नव्हते. युद्ध त्यावरच चालले. पण सेनापतिपद हे दोन मोठ्या माणसांतल्या भांडणाचे कारण झाले. संताजी घोरपडे सेनापती, मग त्यांना काढून धनाजी जाधव, आणि 1697 मध्ये संताजींचा घात. निपाणीहून जवळच असलेल्या सेनापती कापशी या गावाच्या नावात ते पद आजही आहे. पद गावाला चिकटले, घराण्याला चिकटले, आणि पुढे शंभर वर्षांनी इंग्रज एकेका सरंजामदाराशी स्वतंत्र बोलणी करू शकले.

आता भारताचे. तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला जास्त जवळचा.

1947 नंतर दिल्लीने जी कुलपे लावली त्यांतली काही उघड होती. तिन्ही दलांचा मिळून एक सर्वोच्च सेनापती ही ब्रिटिश काळातली जागा गेली. सेना, नौदल, हवाई दल यांचे प्रमुख समान पातळीवर आले. 1955 मध्ये कमांडर इन चीफ हे नावही गेले. कमांडर इन चीफच्या निवासस्थानात, म्हणजे तीन मूर्तीत, पंतप्रधान राहायला गेले. हा इशारा साऱ्या कँटोन्मेंटांनी बरोबर वाचला. जनरल करिअप्पा निवृत्त झाल्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उच्चायुक्त म्हणून गेले. जनरल श्रीनागेश राज्यपाल झाले, पुढे आपल्या म्हैसूर राज्याचेही. निवृत्त सेनापतीला मानाने पण जरा लांब ठेवायचे, ही पद्धत तेव्हापासूनची.

न दिसणारी कुलपे मात्र याहून भक्कम आहेत आणि ती बढतीच्या कारखान्यात आहेत. लेफ्टनंट कर्नलपर्यंत अधिकारी साधारण सेवेच्या वर्षांवर जातो. पुढे सिलेक्शन बोर्ड: कर्नलसाठी तीन नंबरचा, ब्रिगेडियरसाठी दोन नंबरचा, मेजर जनरलसाठी एक नंबरचा, लेफ्टनंट जनरलसाठी स्पेशल. माणसाचे नाव तिथे येईपर्यंत त्याच्यावर किती जणांनी लिहिलेले असते! दरवर्षी एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, त्यात एक लिहिणारा, एक तपासणारा, एक त्यावरचा. आणि तिघे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. एकवरून नऊपर्यंत आकडे. या अहवालांचे, कोर्सचे आणि शौर्यपदकांचे मिळून गुण निघतात, आणि बोर्डावर बसलेल्यांच्या स्वतःच्या मताला त्यात थोडासाच वाव ठेवलेला असतो. आमच्याकडे म्हणायचे, "बोर्ड निघाला," आणि कुणाचा चेहरा पडला हे जेवणाच्या टेबलावर समजायचे. जो राहिला त्याला पुढे आणखी दोन संधी, मग वैधानिक तक्रार, आणि 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण.

हा कारखाना निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. एसीआरमध्ये आकडे फुगतात. जो कमांडर नऊच देतो त्याच्याकडच्या आठवाल्याचे आयुष्य संपते. आपल्या रेजिमेंटचा, आपल्या शाखेचा माणूस याकडे झुकणारे हात असतातच. पण तुमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच, की कर्नल-ब्रिगेडियर होऊ पाहणाऱ्या माणसाला मंत्र्याच्या दारात जाऊन फारसे काही मिळत नाही. त्याची आशा त्याच्या आधीच्या वीस वर्षांतल्या आठ-दहा वरिष्ठांच्या सह्यांत विखुरलेली असते. आशा जिथे बांधलेली, निष्ठा तिकडे, हे सूत्र इथे उलट्या बाजूने नेत्याच्या विरोधात आणि राज्याच्या फायद्याचे ठरते.

आपल्या रेजिमेंटमध्ये आणखी एक गोष्ट पाहा. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण 1768 ची, केंद्र 1922 पासून बेळगावात. जवान कोल्हापूर, सातारा, बेळगाव, कोकण इथले. मराठी बोलणारे आणि कानडी बोलणारेही. अधिकारी मात्र देशभरातून येतात. जनरल जे. जे. सिंग हे शीख, त्यांनी आपल्याच रेजिमेंटची टोपी घातली आणि 2005 मध्ये लष्करप्रमुख झाले. शपथेच्या वेळी, हल्ल्याच्या वेळी पंजाबी किंवा मल्याळी कॅप्टन "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणतो आणि त्याला त्यात काही परके वाटत नाही. जवान एका मातीचे आणि अधिकारी साऱ्या देशाचे, ही रचना एखाद्या प्रांताच्या नेत्याला पलटण आपली म्हणू देत नाही. सीमाप्रश्नावरून शहर कितीही वेळा पेटले तरी इथल्या कँटोन्मेंटला कुणी त्यात आपल्या बाजूने ओढू शकलेले नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग नेत्याच्या हातात काय राहते? वरच्या दोन पायऱ्या. आर्मी कमांडर आणि प्रमुख यांच्या नेमणुका मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडे जातात. आणि तिथे खेळाचे सर्वांत मोठे हत्यार कुणालाही साधे वाटेल असे आहे: जन्मतारीख. कर्नल 54 ला निवृत्त, ब्रिगेडियर 56, मेजर जनरल 58, लेफ्टनंट जनरल 60. प्रमुख तीन वर्षे किंवा वयाची 62, जे आधी येईल ते. या आकड्यांवरून पुढचे दोन-तीन प्रमुख कोण होणार हे मिलिटरी सेक्रेटरी शाखेतला हुशार कारकूनसुद्धा मांडून दाखवतो. ज्येष्ठता पाळायची असे एकदा ठरले की नेत्याला द्यायला काहीच उरत नाही. म्हणून ज्येष्ठता पाळणे हे सैन्याइतकेच लोकशाहीच्याही सोयीचे होते.

पण रांग थोडी सरकवता येते. 1970 च्या दशकात जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि त्या काळात व्हिक्टोरिया क्रॉसवाले लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत निवृत्त झाले. प्रमुखपद त्यांच्याकडे आले नाही. कुणाला काढले नाही, कुणाला डावलले असे कागदावर दिसले नाही. जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मसालाचा वाद, 1950 की 1951, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो उगीच नाही. एका वर्षाने पुढची सगळी रांग बदलणार होती. 2024 च्या मे महिन्यात जनरल मनोज पांडे यांना एका महिन्याची मुदतवाढ मिळाली तेव्हा लगेच तर्क सुरू झाले, कारण त्यांच्यामागचे दोन ज्येष्ठ जूनअखेर निवृत्त होणार होते. शेवटी ज्येष्ठतेत वर असलेले उपेंद्र द्विवेदीच प्रमुख झाले.

उघड डावलण्याचे प्रसंग कमी आहेत. 1983 मध्ये उपप्रमुख एस. के. सिन्हा यांच्याऐवजी जनरल अरुणकुमार वैद्य. सिन्हांनी राजीनामा दिला. वैद्य दोनदा महावीर चक्र मिळवलेले रणगाड्यांचे सेनानी, त्यांच्या लायकीवर बोट ठेवायला जागा नव्हती. तरी पुढच्या वर्षी सुवर्णमंदिरातली ब्लू स्टार कारवाई झाल्यावर लोकांनी मागचा निर्णय पुन्हा उकरून काढलाच. डावलण्याची ही एक किंमत असते: निवड बरोबर असली तरी निवडलेल्या माणसाच्या प्रत्येक कामावर तिची सावली पडते. 2016 च्या शेवटी प्रवीण बक्षी आणि पी. एम. हारिज यांना मागे ठेवून बिपिन रावत आले, तेव्हा सरकारने दहशतवादविरोधी अनुभवाचे कारण दिले. 2022 मध्ये संरक्षणदल प्रमुख (सीडीएस) या पदाचे नियम बदलले. 62 वर्षांखालचा सेवेतला किंवा निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र ठरला आणि मे 2021 मध्ये निवृत्त झालेले अनिल चौहान सप्टेंबरमध्ये त्या पदावर आले. निवडीचा घेर मोठा करणे एका अंगाने शहाणपणाचे आहे, दरवेळी जन्मतारखेनेच सेनापती ठरवावा असे कुणी म्हणणार नाही. पण घेर जितका मोठा, तितकी जास्त माणसे जास्त काळ आशेवर. निवृत्तीनंतरसुद्धा.

यात मला सर्वांत जास्त सांगण्यासारखे वाटते ते 1959 ते 62. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आपल्या शेजारच्या कोल्हापूर मुलुखातले, ब्रह्मदेशात कांगाव येथे लढून डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवलेले. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना त्यांनी ईशान्य सीमेवर चीन आला तर कुठे थांबवायचे याचा आराखडा केला आणि मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तो मांडला. त्यावर हालचाल झाली नाही. त्याच सुमारास दिल्लीत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि प्रमुख जनरल थिमय्या यांचे बिनसले होते. बिनसण्याचे एक मोठे कारण बढत्या, विशेषतः बी. एम. कौल यांची. कौल नेहरूंच्या विश्वासातले, प्रचंड उत्साही, कामाला वाघ. पण युद्धात पलटण चालवलेली नाही. ऑगस्ट 1959 मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या शब्दावर मागे घेतला. माझ्या मते तो मागे घेतल्याच्या दिवशी खालच्या अधिकाऱ्यांना जे कळायचे ते कळले. 1961 मध्ये थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांची शिफारस केली, सरकारने पी. एन. थापर यांना नेमले. थापर ज्येष्ठ होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नियमाने पाहिले तर सरकारचा निर्णय बिनतोड होता. पण त्याच सुमारास कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले आणि वेलिंग्टनला असलेल्या सॅम माणेकशॉ यांच्यावर चौकशी बसली. चौकशीत काही निघाले नाही.

ऑक्टोबर 1962 मध्ये कौल यांनाच चौथ्या कोअरवर पाठवले. ते आजारी पडून दिल्लीत परतले आणि घरच्या अंथरुणावरून कोअर चालवू लागले. नोव्हेंबरात ईशान्य सीमेवरची से ला आणि बोमडिला ही ठिकाणे चीनच्या हाती गेली. मग मेनन गेले, थापर गेले, कौल गेले, आणि चौथ्या कोअरवर तेच माणेकशॉ आले ज्यांच्यावर चौकशी बसली होती.

कौल यांना कुणी सत्ता उलथवण्याच्या भीतीने वर आणले नव्हते. नेहरूंना अशा बंडाची भीती किती होती यावर लोक वाद घालतात. पण जवळच्या माणसाला बढती द्यायला भीती लागतच नाही. "हा आपले ऐकतो, हा कामे करतो" एवढे पुरते. बाकीचे अधिकारी मग काय पाहतात? आराखडा करणारा घरी गेला, नकार देणाऱ्यावर चौकशी बसली, होकार देणारा वर चढला. त्यानंतर वर जाणाऱ्या कागदावर "हे जमणार नाही" लिहायला हात धजत नाही. चीनची तयारी किती आहे हे नेहरूंना कळले नाही यात गुप्तवार्तेचा दोष होताच, पण कळवणाऱ्यांची तोंडे आपल्याच बढत्यांनी बंद झाली होती, हा भाग मला त्याहून मोठा वाटतो.

उलट बाजूचे एक उदाहरणही ध्यानात ठेवा. डिसेंबर 1998 मध्ये नौदलप्रमुख विष्णू भागवत यांनी सरकारने ठरवलेल्या उपप्रमुखाची नेमणूक मानली नाही. 30 डिसेंबरला सरकारने त्यांना बडतर्फ केले. भागवतांची बाजू घेणारेही खूप होते आणि वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. पण त्या रात्री एकही जहाज हलले नाही. मुशर्रफ यांच्या विमानाची गोष्ट यानंतर दहाच महिन्यांनी घडली. दोन्ही शेजारी ठेवून पाहा म्हणजे बोर्डाच्या कंटाळवाण्या कागदांची किंमत कळेल.

तुमच्या गल्लीतल्या पोराबद्दल. शिपाई ते सुभेदार मेजर या वाटेवर राजकारण्याचा हात जवळजवळ पोचत नाही. कॅडर कोर्स, नकाशा-वाचनाची परीक्षा, वैद्यकीय श्रेणी, रेजिमेंटची ज्येष्ठतायादी आणि शेवटी पलटणीच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचे मत. आमदाराची चिठ्ठी घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. ती चिठ्ठी पोराचे नुकसान करते, फायदा नाही. 2022 पासूनच्या अग्निपथात मात्र आशेचा खेळ तळाशी आला आहे. चार वर्षांनी चारांतला जास्तीत जास्त एक कायम. ही निवड सैन्यच करते, नेता नाही, पण चार वर्षे प्रत्येक पोरगा शेजारच्या बंकमधल्या पोराकडे स्पर्धक म्हणून बघणार असेल तर सेक्शनमधल्या विश्वासाचे काय, याची काळजी आमच्यासारख्या जुन्या लोकांना वाटते. आणि ती जाहीरपणे बोललेली बरी.

राहिला निवृत्तीनंतरचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण विचारायला हवा होता. राज्यपालपद, राजदूतपद, मंडळांवरच्या जागा, आणि आता निवडणुकीचे तिकीट. व्ही. के. सिंग 2012 मध्ये निवृत्त झाले आणि 2014 मध्ये खासदार आणि मंत्री. हवाई दलाचे माजी प्रमुख भदौरिया 2024 मध्ये पक्षात गेले. निवृत्त माणूस नागरिक आहे, त्याने राजकारण करू नये असे मी म्हणणार नाही. पण प्रमुखाला खुर्चीत असताना पुढचे काही मिळण्याची आशा नसते, ही जी जुनी सोय होती ती यामुळे हळूहळू जाते. मोठ्या पदावरून उतरल्यावर काही वर्षे तरी सरकारी नेमणूक आणि उमेदवारी दोन्ही बंद असावी, असे माझे मत आहे आणि सैन्यातल्या पुष्कळांचे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नवा लष्करप्रमुख ठरल्याची बातमी आली, की त्याचे नाव, गाव, रेजिमेंट यावर वेळ घालवू नका. तीन गोष्टी शोधा. त्याच्या आधीच्याला मुदतवाढ मिळाली होती का आणि तेवढ्यात कोण निवृत्त झाले. नियमात त्या वर्षी काही बदल झाला का. आणि ज्यांना मागे ठेवले त्यांचे वर्षभरात काय झाले: राजीनामा, शांतपणे निवृत्ती की एखादी जागा. यातली तिसरी माहिती वर्तमानपत्रात आतल्या पानावर, दोन ओळींत येते. तुमच्या प्रबंधाला ती सर्वांत उपयोगी पडेल.